गुण्यातून गेलेला ट्रेलर: स्नोमोबाइलच्या बंद ट्रेलरची अपघातानंतरची दुरुस्ती

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला लेक सुपिरिअरमध्ये घुसलेलं किविनॉ द्वीपकल्प आहे. तिथे एका हिवाळ्यात दोनशे इंचांहून जास्त बर्फ पडलं तरी कोणाला नवल वाटत नाही. 1978-79च्या हंगामात 390.4 इंचांची नोंद झाली होती. स्नोमोबाइलच्या, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीच्या, सरकारी वाटा 1 डिसेंबर ते 31 मार्च खुल्या असतात आणि तेवढे चार महिने रस्त्यांवर पिकअपमागे बंद ट्रेलर धावत असतात, मीठ टाकलेल्या, घसरड्या डांबरावरून. हे प्रकरण अशाच एका ट्रेलरचं आहे.

ट्रेलर नऊ वर्षांचा. चौकट ॲल्युमिनियमची, रुंदी 7 फूट, टोकदार नाकासह लांबी 23 फूट. खाली 3,500 पाउंडांचे दोन टॉर्शन ॲक्सल (यांत स्प्रिंगऐवजी रबर झटके सोसतं), भारासह कमाल वजन 7,000 पाउंड. मागे पूर्ण रुंदीचा रॅम्प-दरवाजा (खाली पाडला की चढण होतो) आणि नाकाच्या उजव्या उतारावर दुसरा, म्हणजे गाड्या मागून चढवायच्या आणि सरळ पुढून उतरवायच्या. वळणावर ट्रेलर बाजूला घसरला आणि उजव्या अंगाने रस्त्याकडेच्या मेपलच्या खोडावर टेकला. पुढचं उजवं चाक बुंध्यावर आदळलं. नंतर क्रेनवाल्याने मागच्या कोपऱ्याला साखळी लावून तो ओढून काढला.

दिसणारं नुकसान असं: उजव्या भिंतीचा पत्रा पुढून 12 फुटांपर्यंत चुरगळलेला, दोन ठिकाणी फाटलेला. भिंत आणि छप्पर जोडणारी वरची गोलसर पट्टी तीन फूट दबलेली आणि तिथे छपराची कड उचकटलेली. मडगार्ड गेलेलं. पुढचा रॅम्प कुलुपापर्यंत पोहोचत नव्हता. मालकाची मागणी साधी होती: पत्रा बदला, दरवाजा लागेल असं करा.

या मागणीतच धोका होता, कारण मागचा दरवाजाही नीट लागत नव्हता आणि मागच्या बाजूला तर खोड लागलंच नव्हतं.

आधी दोरी, मग हातोडी

पत्र्याला हात लावण्याआधी ट्रेलर मोकळा करून चार घोड्यांवर घेतला. घोड्या चौकटीखाली लावायच्या, ॲक्सलखाली नाही. ॲक्सलवर टेकवलं की रबराची लवचीकता मापात शिरते. पाणसळीने चौकट दोन्ही दिशांना समपातळीत आणली. मापं सुतात घेतली, 1 सूत म्हणजे 1/8 इंच.

मागच्या दरवाजाची फट खाली दोन्हीकडे 2 सूत होती. वर डावीकडे ती 5 सूत झाली होती आणि वर उजवीकडे दरवाजा चौकटीला घासत होता. दरवाजा गुण्यात, म्हणजे काटकोनात होता. तिरकी झाली होती ती चौकट. उघड्या तोंडाचे कर्ण मोजले: उजव्या खालच्या कोपऱ्यापासून डाव्या वरच्यापर्यंतचा कर्ण दुसऱ्यापेक्षा 5 सूत लांब. तोंड साडेसहा फूट रुंद आणि सहा फूट उंच असताना एवढ्या फरकाचा अर्थ असा, की अख्खं छप्पर जमिनीच्या मानाने साडेतीन सूत डावीकडे सरकलंय.

बंद ट्रेलरची पेटी काडेपेटीच्या बाहेरच्या टरफलासारखी असते. टरफलाला दोन्ही टोकांना तोंडं आहेत, म्हणून बोटाने दाबलं की ते तिरकं होतं. पुढे-मागे दोन्हीकडे रॅम्प असलेल्या ट्रेलरला आडवं धरून ठेवणारी सलग भिंत कुठेच नसते. ते काम कोपऱ्यांचे जोड, छपराच्या कमानी आणि त्यांवर घट्ट चिकटलेला छपराचा पत्रा करतात. बाजूचा पत्राही नुसता आडोसा नसतो, तो लांबीच्या दिशेने भिंतीला तिरकं होऊ देत नाही. म्हणून पेटी तिरकी असताना नवा पत्रा ठोकला तर तो तिरकेपणाच पक्का करतो. मग दरवाजे बिजागऱ्या हलवून, कुलूप सरकवून, रबर जाड लावून कसेबसे बसवले जातात आणि दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या सांध्यातून पाणी येतं. असे 'दुरुस्त' ट्रेलर बाजारात भरपूर आहेत. वरच्या कोपऱ्यातली निमुळती फट बघितली की ओळखू येतात.

मोजमापाचा दुसरा भाग चाकांचा. कपलरच्या (पिकअपला अडकवायच्या पुढच्या जोडाच्या) मध्यातून ओळंबा सोडला आणि तिथून पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर घेतलं. उजवीकडचं 2 सूत जास्त निघालं. 1 सुतापर्यंत चालतं. फरक चौकटीमुळे की ॲक्सलमुळे हे ठरवायला ॲक्सलच्या ब्रॅकेटच्या बोल्टपर्यंतही मोजलं. ते दोन्हीकडे सारखं भरलं. म्हणजे चौकटीचा तो भाग जागेवर होता आणि ॲक्सलचा उजवा हात मागे वाकला होता.

पत्र्यामागे काय निघालं

आतली प्लायवुडची पाटी काढली. पाच खांब वाकलेले. खांब 16 इंचांवर असतात, त्यामुळे 12 फुटांत एवढे जाणं स्वाभाविक. खालची बाजूची तुळई दोन फुटांच्या पट्ट्यात 7 सूत आत गेलेली, आणि तिथल्या एका आडव्या पट्टीच्या वेल्डिंगच्या टाक्याशेजारी केसासारखी रेघ.

ती रेघ मळाची की भेगेची, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ॲल्युमिनियमवर चुंबकी कणांची तपासणी चालत नाही, म्हणून रंगद्रव्याची केली: जागा स्वच्छ करायची, लाल भेदक द्रव लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, फडक्याने पुसायचं (फवारा थेट मारला तर भेगेतला द्रवही धुऊन जातो) आणि पांढरा विकासक फवारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ झिरपते. इथे दीड इंच झिरपली. याच पद्धतीने जूचे, म्हणजे पुढच्या त्रिकोणी ओढणीचे, सगळे टाके तपासले. ते निर्दोष निघाले. तिथे भेग असती तर हिशेबच बदलला असता आणि विम्याकडून ट्रेलर मोडीत काढण्याचा विचार आधी करावा लागला असता.

दुसरं जे निघालं त्याचा अपघाताशी संबंध नव्हता. पुढच्या रॅम्पच्या उंबऱ्यालगत चार बाय चार फुटांचं प्लायवुड कुजलं होतं. स्क्रू ड्रायव्हर सहज आत जात होता. स्नोमोबाइलच्या पट्ट्यात अडकलेलं बर्फ ट्रेलरमध्ये वितळतं. ट्रेलर उभा असताना नाक खाली झुकलेलं असलं की ते पाणी उंबऱ्याशी साचतं. त्यात स्कीखालच्या कार्बाइड पट्ट्यांनी जमिनीवरचा रंग खरवडलेला. वरच्या गोल पट्टीवर जुन्या सिलिकॉनचे थर होते, म्हणजे गळती आधीपासून होती आणि कोणीतरी ती वरवर झाकत आलं होतं.

चौकट

आत गेलेली तुळई गरम करून सरळ करायची नाही. चौकट 6061-टी6 जातीच्या ॲल्युमिनियमची. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता मऊ पडतं आणि टी6ची, म्हणजे कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली, ताकद कायमची जाते. थंडच ठोकून सरळ केलं तर वाकाच्या बाहेरच्या अंगाला नवी भेग पडण्याची भीती. म्हणून पाच फुटांचा तुकडा कापून काढला. त्याच छेदाचा नवा तुकडा ट्रेलरच्या व्हीआयएनवरून (ओळखक्रमांकावरून) कारखान्याकडून मागवला. साध्या चौकोनी नळीने काम भागवण्याचा मोह होतो, पण या तुळईला पत्रा बसायची खाच आणि जमिनीची कड साच्यातूनच काढलेली असते, ती साध्या नळीला नसते.

जोड 45 अंशांत कापला. काटकोनातला टाका संपूर्ण छेद एकाच रेषेत कमकुवत करतो. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे इंचभर 6061-टी6ची ताकद निम्म्याखाली येते. तिरक्या कापाने तो पट्टा लांबीत विभागला जातो. आत नळीचा सैलसर न बसणारा अस्तर-तुकडा घातला. टाक्यासाठी 5356 जातीची तार आणि शुद्ध आर्गॉन. सांधा ॲसिटोनने पुसून मग फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासला, या क्रमाने. आधी ब्रश मारला तर तेल धातूत रगडलं जातं. पिकअप सोडलेली, आपत्कालीन ब्रेकची बॅटरी काढलेली आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावलेला होता. चिमटा लांब लावला तर करंट ॲक्सलच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि रोलरवर ठिणगीचे डाग पडतात.

भेगेच्या दोन्ही टोकांना लहान भोकं पाडली, भेग खोदून भरली आणि वर समभुज चौकोनी पट्टी टोकांवर उभी ठेवून जोडली, म्हणजे तुळईच्या कडांना आडवा टाका पडत नाही.

पेटी गुण्यात आणणे

आधी मागच्या रॅम्पच्या स्प्रिंगची काळजी घेतली. दरवाजाच्या वर दांड्यावर गुंडाळलेल्या स्प्रिंगा असतात आणि त्यांच्या केबली दरवाजा तोलतात. दरवाजा खाली असताना त्यांत सर्वाधिक ताण असतो, बंद असताना सर्वांत कमी. म्हणून दरवाजा मिटून, उरलेला ताण पिळायच्या दांड्यांनी उतरवल्यावरच केबल काढायची. उघड्या दरवाजावर केबल सोडणाऱ्याची बोटं जातात.

मग मागच्या तोंडात लांब कर्णावर रॅचेटचा पट्टा लावला: खाली उजव्या कोपऱ्यातल्या तुळईला, वर डाव्या कोपऱ्यातल्या जोडाला. कोपऱ्यांत लाकडाचे ठोकळे घातले, नाहीतर पट्टा पातळ भाग चेपतो. छपराच्या उचकटलेल्या भागातले स्क्रू आधीच ढिले केले होते. छपराचा पत्रा घट्ट ठेवून पेटी ओढली तर तो सुरकुततो. मधल्या भागात आणि पुढेही असेच पट्टे. एकाच ठिकाणी जोर लावला तर मागचं तोंड गुण्यात येतं आणि मधली पेटी पिळलेली राहते. कर्ण सारखे होईपर्यंत ओढलं, मग आणखी 1 सूत, कारण पट्टा सोडला की धातू तेवढा परत जातो. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी सोडून मोजलं. फरक अर्ध्या सुतावर आला. तात्पुरते तिरके आडणे कसले आणि ते पत्रा पूर्ण लागेपर्यंत काढले नाहीत.

पाचही खांब नवे. वाकलेला पातळ नळीचा खांब सरळ दिसेपर्यंत ठोकता येतो, पण त्याची बाहेरची कड लाटेसारखी राहते आणि ती लाट नव्या पत्र्यावर उन्हात उठून दिसते. खांबांच्या बाहेरच्या कडेवर सहा फुटांची पट्टी धरून तपासलं. पट्टीखाली पोस्टकार्ड सरकलं तर खांब पुन्हा बसवला.

पत्रा

आपल्याकडे टेम्पोचा पत्रा डेंटर हातोडी आणि डॉलीने परत आणतो. इथे ती कला उपयोगाची नाही. हा 0.030 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर जाडीचा, कारखान्यातच रंगवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. एकदा ताणला की आकसत नाही, आणि ठोकला की रंगाला जाळी पडते.

पूर्ण भिंत बदलायची गरज नव्हती. नवा पत्रा 12 फुटांवरच्या खांबावर जुन्याला मिळवला. दीड इंचाचा लॅप, आणि पुढचा पत्रा मागच्याच्या वर. उलटं केलं तर साठ मैलांच्या वेगातला वारा आणि मिठाचं पाणी थेट सांध्यात घुसतं. लॅपमध्ये ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी आणि 3/16 इंची ॲल्युमिनियमचे रिव्हेट, 11 नंबरच्या ड्रिलने पाडलेल्या भोकात. इतरत्र खांबांवर दुहेरी ॲक्रिलिक फोमची टेप, म्हणजे बाहेर स्क्रूची डोकी नाहीत.

टेपचं काम तापमानावर अवलंबून असतं. शेड 18 अंश सेल्सिअसवर ठेवली आणि पत्रा व चौकटही आदल्या दिवसापासून आत. हवा गरम आणि खांब गार असं झालं तर खांबावर न दिसणारा दमट थर धरतो. निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि निम्मं पाणी यांनी पुसणं, टेपवर रूळ जोरात फिरवणं, आणि मग थांबणं. साध्या तापमानाला वीस मिनिटांत निम्मी पकड येते, 24 तासांत नव्वद टक्के, पूर्ण पकडीला 72 तास. कपलर पिकअपला लावायची घाई याच टप्प्यावर होते.

पत्रा उन्हात चौकटीपेक्षा जास्त तापतो. 20 अंशांच्या फरकाला 12 फुटांत तो पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणून वर-खालच्या पट्ट्यांच्या खाचेत थोडी जागा सोडली आणि पत्रा गार शेडमध्ये ताणून बसवायचं टाळलं.

कडेच्या पट्ट्यांना स्टेनलेसचे स्क्रू, प्रत्येकाच्या आट्यांना गंजरोधक पेस्ट लावून. जुने जस्त चढवलेले लोखंडी स्क्रू डोक्याजवळ निम्मे झिजले होते आणि काही काढतानाच तुटले. मीठ, लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की असंच होतं.

छप्पर आणि गळती

दबलेली गोल पट्टी चार फूट नवी. खरा वेळ सिलिकॉन काढण्यात गेला. सिलिकॉनवर दुसरं कोणतंही सीलंट टिकत नाही आणि नवं सिलिकॉनही धड चिकटत नाही. प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचं, सिलिकॉन विरघळवणारा द्रव लावायचा, पुन्हा खरवडायचं. पट्टी आणि छपराच्या मध्ये ब्यूटाइल, उभ्या सांध्यांवर न ओघळणारं पॉलियुरेथेन. आपोआप पसरणारं सीलंट फक्त आडव्या छपरावर, व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) भोवती. उभ्या जागी ते रात्रीत खाली येतं.

तपासणी दोनदा. शेडमध्ये पालापाचोळा उडवायचा ब्लोअर व्हेंटमध्ये लावून पेटीत हवेचा दाब केला आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. बुडबुडे दोन जागी आले, दोन्ही क्लिअरन्स दिव्यांच्या (ट्रेलरची रुंदी दाखवणाऱ्या दिव्यांच्या) मागे. मग साध्या होजने खालून वर, एकेका भागावर दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी कोणत्या सांध्यातून आलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर वापरायचा नाही, तो चांगलं सीलंटही उचकटतो.

जमीन

कुजलेला भाग मध्येच न कापता आडव्या पट्ट्यांच्या मध्यापर्यंत कापला, म्हणजे नव्या-जुन्या दोन्ही कडांना खाली आधार. नवं प्लायवुड पाऊण इंची, बाह्य वापराचं. तांब्याचं रसायन मुरवलेलं 'ट्रीटेड' प्लायवुड टिकाऊ म्हणून लोक मुद्दाम घेतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ते थेट बसवलं तर तांबं चौकट खातं. त्यापेक्षा साध्या प्लायवुडच्या सहाही बाजूंना इपॉक्सीचे दोन हात, कडांना तीन. उंबऱ्यालगत निचऱ्याची दोन भोकं पाडली, त्यांच्या कडाही इपॉक्सीने बंद केल्या. वर प्लास्टिकच्या स्की-पट्ट्या, कार्बाइडच्या रेषेत.

ॲक्सल, ब्रेक, दिवे

टॉर्शन ॲक्सलच्या चौकोनी नळीत रबराचे दोर दाबून भरलेले असतात. वाकलेला हात गरम करता येत नाही, वेल्डही करता येत नाही. ॲक्सल बदलायचा. मागवताना क्षमता, हबच्या तोंडांमधलं अंतर, ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, हाताचा मूळ कोन आणि बोल्टची मांडणी ही सगळी मापं लागतात.

एकच बदलावा की दोन्ही? पट्ट्यांच्या (लीफ) स्प्रिंगांच्या जोडीत मधला तोलक भार वाटून घेतो, टॉर्शनच्या जोडीत तसं काही नसतं. नऊ वर्षांत रबर बसतं. पुढे नवा आणि मागे बसलेला जुना ठेवला तर नवा ॲक्सल जास्त भार घेतो आणि त्याचे टायर आधी जातात. म्हणून दोन्ही बदलले. खर्च वाढला, पण सव्वा दोन इंच रुंदीचे दहा इंची ब्रेकही त्याबरोबर नवे आले. बेअरिंग बसवताना हब फिरवत नट 50 फूट-पाउंडाला आवळायचा, मोकळा करायचा आणि बोटाने लागेल तेवढाच लावून कॉटर पिन घालायची.

ब्रेक विजेवर चालणारे आहेत. त्यांच्या प्रत्येक मॅग्नेटचा रोध साधारण 3.2 ओहम. चारही चालू असताना करंट 12 अँपियरच्या आसपास यायला हवा. इथे 9 आला. एका चाकाची तार तुळईच्या नव्या तुकड्याजवळ चेपली होती. पांढऱ्या अर्थच्या तारेचा चौकटीशी असलेला जोडही गंजला होता. तो तोडून सगळे अर्थ एका वेगळ्या तारेने सात पिनांच्या प्लगपर्यंत आणले. चौकटीवर अर्थ सोडण्याची पद्धत मिठाच्या प्रदेशात फार दिवस चालत नाही, आणि अर्थ खराब झाला की एलईडी दिवे मंद होतात किंवा ब्रेकबरोबर भलताच दिवा लागतो. ट्रेलर 80 इंचांहून रुंद असल्याने अमेरिकी नियमानुसार पुढे पिवळे आणि मागे लाल क्लिअरन्स दिवे, शिवाय मागे मध्यभागी तीन लाल ओळखदिवे लागतात. गळके निघालेले दोन दिवे गॅस्केटसह बदलले.

चाकाचे अर्धा इंची नट तीन टप्प्यांत: 20 ते 25, मग 50 ते 60, शेवटी 90 ते 120 फूट-पाउंड, समोरासमोरच्या क्रमाने. नंतर 10, 25 आणि 50 मैलांवर पुन्हा.

पुढचा रॅम्प कोणतंही कुलूप न हलवता लागला. मागच्या दरवाजाची फट वर डावीकडे अडीच सूत आणि उजवीकडे दीड सूत उरली आहे, हे कागदावर नोंदवून मालकाला दिलं. एक हंगाम चालवल्यावर कर्ण पुन्हा मोजायचे. फरक 2 सुतांपुढे गेला, तर छपराच्या कमानींचे कोपऱ्यांतले जोड उघडून बघावे लागतील.